सोंग कोणी घ्यावे, कसे घ्यावे?



अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात अनाहाइम नावाचे गाव आहे. तिथे १७ जुलै १९५५ रोजी वॉल्ट डिस्ने यांनी करमणुकीची एक नगरी उघडली. डिस्नेलँड हे तिचे नाव. अशा नगरीला आता सगळीकडे थीम पार्क म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ही बारमाही जत्राच. तिकीट काढून आत जायचे, पाळण्यात बसायचे, खायचे-प्यायचे आणि दिवस मजेत घालवायचा. पण आपल्या जत्रेत नसते अशी एक गोष्ट तिथे आहे. चित्रपटातली पात्रे तिथे चालती-फिरती भेटतात. कुठे मिकी नावाचा उंदीर, कुठे एखादी राजकन्या. पगारावर ठेवलेली माणसे तो वेष करून हिंडतात, लेकरांशी हात मिळवतात, त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतात, वहीत सही करून देतात.

आता या नगरीचा एक नियम ऐका. पाहुणा चौदा वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल, तर एरवीच्या दिवशी त्याला पात्राचा वेष करून आत जाता येत नाही. तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोकळीक आहे. मात्र त्यांचाही मुखवटा सगळे तोंड झाकणारा नको, डोळे दिसले पाहिजेत. मोठ्या माणसांना हौस असेल, तर वर्षातले काही खास उत्सव असतात. त्यांचे तिकीट वेगळे. त्या वेळी मोठ्यांनाही वेष चालतो, पण अटी असतात. मुखवटा नको. जमिनीवर लोळणारा पोषाख नको. खऱ्यासारखे दिसणारे हत्यार नको. आणि सगळ्यात महत्त्वाची अट अशी, की वेष केलेल्या पाहुण्याने दुसऱ्या पाहुण्यांसाठी पात्र म्हणून फोटोला उभे राहायचे नाही, कुणाला सहीही द्यायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, ही सातासमुद्रापलीकडची थेरं आम्हाला कशाला सांगता? इंझोरीच्या माणसाला मिकी उंदराच्या अंगरख्याचे काय घेणे? प्रश्न रास्त आहे. पण या नियमाच्या पोटात जे तत्त्व आहे, ते आपल्या गावच्या चावडीवर फार पूर्वीपासून नांदत आले आहे. आणि ते आपण विसरलो म्हणून आपल्याच महाराष्ट्रात माणसांचे जीव गेले आहेत. तेव्हा आज तेवढेच नीट समजून घेऊ.

प्रथम त्या नियमाचे कारण पाहू. पाच वर्षांचे लेकरू आईचे बोट धरून त्या नगरीत येते. समोर राजकन्या उभी दिसते. लेकराच्या लेखी ती खरीच राजकन्या. ते धावत जाऊन तिच्या कमरेला मिठी मारते. आईबापही निर्धास्त असतात, कारण या माणसाला नगरीने नेमले आहे, त्याची चौकशी झालेली आहे, त्याच्यावर कुणाची तरी देखरेख आहे, हे त्यांना ठाऊक असते. आता तोच वेष घातलेली दुसरी बाई उभी आहे, आणि ती कोण, कुठली, हे कुणालाच माहीत नाही. लेकराला दोघींतला फरक कळेल काय? नाही कळणार. लेकरू ठेवते तो विश्वास वेषावर ठेवते. आतल्या माणसावर नव्हे. म्हणून मोठ्या माणसावर बंधन आले. तेरा वर्षांच्या पोराने राजाचा मुकुट घातला, तर त्याला कुणी नगरीचा नोकर समजणार नाही. मोठ्याने घातला, तर समजतील. पाहणाऱ्याची फसगत होण्याचा संभव जिथून सुरू होतो, तिथे त्यांनी रेघ ओढली.

म्हणजे पाहा, नियम कपड्यावर नाही. पाहणाऱ्याला सोंग हे सोंग म्हणून ओळखू येते की नाही, यावर तो नियम आहे. एवढी खूणगाठ बांधून आता आपल्या गावाकडे परत येऊ.

आपल्या महाराष्ट्राला सोंग नवे नाही. कोकणात दशावतार आहेत, नाशिक-पालघरकडच्या आदिवासी भागात मुखवट्यांचा बोहाडा आहे, तमाशात सोंगाड्या आहे. आपल्या विदर्भात दंडार आहे, खडी गंमत आहे. तान्ह्या पोळ्याला नागपूरकडे लहान मुले नाना वेष करून निघतात. एकनाथ महाराजांनी तर वासुदेव, जोशी, गोंधळी अशा दारोदार फिरणाऱ्यांच्या तोंडून भारुडे रचली. पण या सगळ्यांत सोंग घेणे हाच ज्याचा पिढीजात धंदा, असा माणूस म्हणजे बहुरूपी. कुठे त्याला भोरपी म्हणतात, कुठे रायरंद म्हणतात. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत बहुरूपी ही जमात नावानिशी नोंदलेली आहे. शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक हे वेष पालटण्यात मोठे वाकबगार होते, असे लोकपरंपरा सांगते. आणि बहुरूपीही ते नाव अभिमानाने घेतात.

इंझोरी हे माझे गाव, मानोरा तालुक्यातले. माझ्या लहानपणी आमचा भाग अकोला जिल्ह्यात होता. वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. खरिपाची रास घरी आली, कापूस वेचून झाला, की गावात एक फौजदार अवतरायचा. खाकी कपडे, डोक्यावर टोपी, हातात लाकडी रूळ, छातीवर पत्र्याचा बिल्ला. बायाबापड्यांच्या दारात उभा राहून तो दरडावायचा, "तुमच्या कोंबड्यानं पहाटे साऱ्या गावाची झोप मोडली. परवाना दाखवा!" लहान पोरे आईच्या लुगड्याआड दडायची. एखादी आजी मात्र हसून म्हणायची, "काहून भेतं रे बापू? बहुरूपी हाय तो." फौजदार वहीत काहीबाही खरडायचा, दंड सुनवायचा, आणि शेवटी हात जोडून म्हणायचा, "माय, बहुरूपी आहो. पोटासाठी सोंग घेतो. काही धान्य-चिंधूक द्या." आजी सुपातून ज्वारी घालायची.

कितीदा तरी तो चार-सहा दिवस गावाच्या शिवेवर मुक्काम ठोकी. आज फौजदार, उद्या पोस्टमन, परवा शंकर, तेरवा मारुती. एकेक सोंग दाखवून शेवटच्या दिवशी तो बक्षिसी मागे.

आता या खेळात बारकाईने पाहिले, तर चार नियम दिसतात. ते कुठे लिहून ठेवलेले नव्हते, पण बहुरूप्याने ते पाळायचे आणि गावानेही पाळायचे, अशी रीत होती. पहिला नियम : सोंग दिवसाउजेडी आणि चारचौघांत. अंधारात, एकट्यादुकट्यापुढे नाही. दुसरा : दरडावणे असे असावे की त्यात हसू दडलेले असावे. कोंबड्याचा परवाना मागणारा फौजदार खरा असूच शकत नाही, हे मोठ्या माणसाला तत्काळ कळते. तिसरा : शेवटी सोंग उतरवून आपली ओळख सांगायची. आणि चौथा : मिळेल ते घ्यायचे, सोंगाच्या जोरावर काही उकळायचे नाही.

या चौथ्या नियमाची एक लोककथा सगळीकडे सांगतात. एक बहुरूपी साधूचे सोंग घेऊन राजाच्या नगराबाहेर बसला. लोक दर्शनाला लोटले. खुद्द राजा आला आणि त्याने मोहरांचे ताट पुढे ठेवले. साधूने डोळेही उघडले नाहीत. ताट परत गेले. दुसऱ्या दिवशी तोच माणूस आपल्या कपड्यांत दरबारात आला, आणि म्हणाला, महाराज, काल साधू झालो होतो, आज बक्षिसी द्या. राजा म्हणाला, अरे वेड्या, काल सोने पुढे होते, ते का नाही घेतलेस? बहुरूपी म्हणाला, काल घेतले असते, तर साधूच्या वेषाला बट्टा लागला असता. कथा खरी की खोटी, हा प्रश्नच नाही. ती सांगणाऱ्यांनी आपल्या धंद्याची मर्यादा त्या कथेत घालून ठेवली आहे. 'सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही' ही म्हण आपण हसत म्हणतो. पण सोंग वेगळे आणि लबाडी वेगळी, हे बहुरूप्याला आपल्यापेक्षा चांगले कळत होते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १८६० सालची भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता देशात लागू झाली. कलमांचे आकडे बदलले, काही शिक्षा वाढल्या, पण वेषाबद्दलचा मूळ विचार तोच राहिला. चार कलमे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत.

पहिले, कलम २०५. जुन्या कायद्यात हे १७१ होते. आपण सरकारी नोकर नसताना तशा नोकराचा पोषाख घालणे किंवा त्याचे चिन्ह बाळगणे हा गुन्हा आहे, पण केव्हा? तर लोकांनी आपल्याला तो नोकर समजावे असा हेतू असेल तेव्हा, किंवा लोक तसे समजण्याचा संभव आहे ही जाणीव असेल तेव्हा. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दुसरे, कलम २०४. इथे गोष्ट पुढे जाते. मी फौजदार आहे असे भासवून त्या अधिकाराचे एखादे काम करणे किंवा करू पाहणे. उदाहरणार्थ, रस्त्यावर गाड्या अडवून कागद तपासणे. याला कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद, शिवाय दंड.

तिसरे, कलम १६८. सैनिक, नौसैनिक किंवा वायुसैनिक नसताना, तसे समजले जावे म्हणून त्यांच्यासारखा पोषाख घालणे. चौथे, कलम ३१९ : आपण दुसरेच कुणी आहोत असे भासवून फसवणूक करणे. याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शिवाय १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात रात्रीच्या वेळेचे एक कलम आहे. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, गुन्हा करण्याच्या हेतूने तोंड झाकून किंवा वेष पालटून जो आढळेल, त्याला शिक्षा आहे. त्याच कायद्यात असेही आहे की शांतता बिघडण्याचा संभव असेल तेव्हा जिल्ह्याचे अधिकारी ठरावीक मुदतीपुरता हुकूम काढून काही हावभाव, नकला आणि देखावे यांना बंदी करू शकतात. तेव्हा एखाद्या गावात तणाव असेल, मनाई हुकूम असेल, तर सोंगवाल्याने आधी चौकशी करावी हे बरे.

ही कलमे ऐकताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. खाकी कापड अंगावर घालणे हाच गुन्हा, असे कायदा कुठेही म्हणत नाही. 'समजले जावे असा हेतू' आणि 'समजले जाण्याची जाणीव', या दोन शब्दांवर सगळा भार आहे. अमेरिकेतल्या त्या नगरीने चौदा वर्षांची रेघ ओढली, आपल्या कायद्याने हेतूची आणि जाणिवेची रेघ ओढली, आणि बहुरूप्याच्या रीतीने हात जोडून ओळख सांगण्याची रेघ ओढली. तिन्ही रेघा एकाच जागी आहेत.

मग अडचण कुठे आली? अडचण पाहणाऱ्यात आली. आमच्या आजीला बहुरूपी ठाऊक होता, म्हणून खाकी कपडे पाहून ती हसली. आज नव्या पिढीला बहुरूपी ठाऊक नाही. हमरस्त्यावरच्या ढाब्यावर, शहरातल्या नव्या वसाहतीत, परप्रांतातून आलेल्या मजुरांच्या वस्तीवर तोच माणूस, तोच वेष करून गेला, तर लोक त्याला खरा फौजदार समजतील. किंवा त्याहून वाईट म्हणजे खरा चोर समजतील. सोंग तेच आहे. हेतू तोच आहे. पण पाहणाऱ्याचे ज्ञान आटले. काल जे हसण्यावारी जात होते, ते आज कलम २०५ च्या 'जाणिवे'त बसू शकते. बहुरूप्याचा काहीच दोष नसताना त्याच्या पायाखालची जमीन सरकली आहे.

कायदा करणाऱ्यांनी पूर्वी कधी याचा विचार सोडून थेट वेषावरच घाव घातला, तेव्हा काय झाले, तेही पाहण्याजोगे आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो बहुतेकांना माहीत आहे, कारण त्याने जन्माला येणाऱ्या बालकालाही गुन्हेगार ठरवले. पण त्या कायद्याला दुसरा भागही होता, तो फारसा कुणाला माहीत नाही. उत्तर हिंदुस्थानातल्या हिजड्यांची त्यात नोंदवही ठेवली जाई. आणि नोंद झालेल्या माणसाने बाईचा पोषाख किंवा दागिने घालून रस्त्यावर यायचे नाही, सार्वजनिक जागी नाचायचे-गायचे नाही, अशी बंदी होती. मोडली तर दोन वर्षांपर्यंत कैद. इथे कुणाची फसवणूक झाली, हा प्रश्नच कायद्याने विचारला नाही. वेष हाच गुन्हा ठरला. पुढे तो भाग गेला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवरचा शिक्काही स्वतंत्र भारताने पुसला. कायद्यातला शिक्का पुसला, पण मनातला पुसायला वेळ लागतो.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्याचे. १९५९ साली भीक मागण्याला प्रतिबंध करणारा कायदा मुंबई राज्यात झाला. भीक म्हणजे काय, याची व्याख्या त्यात इतकी रुंद आहे की गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे अशा निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे घेणेही तिच्यात येऊ शकते. म्हणजे आयुष्यभर कला दाखवून पोट भरणारा माणूस आणि निव्वळ हात पसरणारा माणूस यांच्यात या व्याख्येला फरक दिसत नाही. हाच कायदा पुढे दिल्लीला लागू केलेला होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये, दिल्लीपुरती, भीक मागणे गुन्हा ठरवणारी त्यातली कलमे घटनाबाह्य ठरवली. शोधायचा असतो लबाड. आणि कायदा जेव्हा वेषाला किंवा धंद्यालाच पकडतो, तेव्हा लबाड निसटतो आणि गरीब सापडतो.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना जीभ जड होते. पण सांगितले पाहिजे.

१ जुलै २०१८. रविवार होता. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसे तिथे आली. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढे तालुक्यातली. गावोगाव फिरून भिक्षा मागणे ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या दिवसांत मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून गावोगाव पसरली होती. बाजारात कुणाला तरी संशय आला, आरडाओरड झाली, जमाव जमला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन जमावाने इतके मारले की पाचही जण मेले. ती मुले पळवणारी माणसे नव्हती. पोटासाठी शेकडो मैल चालून आलेली माणसे होती.

पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे अशाच अफवेच्या दिवसांत दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांना जमावाने मारले. डवरी गोसावी असो, साधू असो की बहुरूपी असो, फिरत्या माणसाचा वेष पूर्वी त्याची ओळख होता. गाव म्हणे, हा अमक्या पंथाचा, याला भाकरी द्या. आता तोच वेष संशयाचे कारण झाला. 'वेष पालटून आलेत' या तीन शब्दांनी माणूस मरू शकतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की नियम हवेत, पण ते पाहणाऱ्याला ज्ञान देणारे हवेत. हे काम सरकारने एकट्याने होण्यासारखे नाही. तिघांनी मिळून करायचे आहे : सोंग घेणाऱ्याने, गावाने आणि शाळेने.

सोंग घेणाऱ्या बांधवांना एवढेच सांगेन. गावात शिरताच प्रथम पोलीस पाटलाकडे जा. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याप्रमाणे गावाच्या शांततेची खबरदारी त्यांच्याकडे आहे. आपले नाव, गाव आणि किती दिवस मुक्काम, हे त्यांना सांगा. आधारकार्ड आणि जातीचा दाखला असेल तर त्याची प्रत जवळ ठेवा. जमल्यास ठाण्यातही वर्दी द्या. फौजदाराचे सोंग घ्यायचे तर बिल्ला खऱ्यासारखा नको, खऱ्या दलाचे चिन्ह नको. टोपीला मोराचे पीस लावा, मिशी कोपरापर्यंत काढा, पण पाहताक्षणी हसू यावे असे काही ठेवाच. हमरस्त्यावर गाडी अडवू नका. तिथे विनोद संपतो आणि कलम २०४ सुरू होते. लहान मूल एकटे दिसले, तर त्याच्यापुढे सोंग करू नका. घरचे मोठे माणूस बाहेर येऊ द्या. आणि दिवस मावळायच्या आत सोंग उतरवा. हे तुमच्या वाडवडिलांचेच नियम आहेत. मी फक्त त्यांना आजचा कागद जोडला.

गावकऱ्यांनी काय करावे? अनोळखी माणूस दिसला तर विचारावे, जरूर विचारावे. "कोन्या गावचे तुम्ही? काय काम काढलं?" असे विचारण्यात वाईट काही नाही, पूर्वी चावडीवर हेच विचारत. उत्तर पटले नाही, तर पोलीस पाटलाला बोलवा, ११२ या क्रमांकावर फोन करा. पण हात उगारू नका. आणि हेही ध्यानात असू द्या : पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदेशीर जमाव झाला आणि त्या जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने गुन्हा केला, तर कायदा जमावातल्या प्रत्येकाला त्या गुन्ह्याचा जबाबदार धरतो. न्याय संहितेचे ते कलम १९०. "मी नुसता उभा होतो" म्हणून सुटका होईलच असे नाही. मोबाइलवर आलेला संदेश पुढे पाठवण्याआधी एकदा ठाण्यात विचारावे. एका फोनला किती वेळ लागतो?

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी थोडे अधिक सांगतो, कारण या कामात तुमचा वाटा मोठा आहे.

स्नेहसंमेलनात, पंधरा ऑगस्टला, आपण मुलांना पोलीस, सैनिक, डॉक्टर असे वेष देतो. यात भिण्यासारखे काही नाही. सात वर्षांखालच्या मुलाचे कोणतेही कृत्य कायदा गुन्हा मानत नाही, आणि त्याहून मोठ्या मुलाच्या बाबतीतही रंगमंचावर फसवणुकीचा हेतू नसतो. शिक्षकाने नाटकात फौजदाराचे काम केले, तरी तेच. समोरच्या माणसाला ठाऊक आहे की हे नाटक आहे. पण नाटक संपले की वर्दी पेटीत गेली पाहिजे. तीच वर्दी अंगावर ठेवून मोटारसायकलवरून घरी निघालो, वाटेत कुणी सलाम केला आणि आपण तो घेतला, तर नाटक कुठे संपले आणि तोतयेगिरी कुठे सुरू झाली, हे सांगणे कठीण जाईल.

शाळेच्या सहली आता दूरवर जातात. खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका हे थीम पार्क सुरू झाले. अशा ठिकाणी विदर्भातूनही मुले जातात. तिथे मोठाल्या मुखवट्यांची पात्रे भेटतात. प्रत्येक जागेचे पोषाखाचे नियम निराळे असतात. ते तिकीट काढण्यापूर्वी विचारून घ्यावेत. आणि मुलांना दोन गोष्टी आधीच शिकवाव्यात. एक, मुखवट्याच्या आत माणूस असतो. चांगला असेल, पण अनोळखी असतो. त्याच्याबरोबर फोटो काढावा तो मास्तरांच्या किंवा बाईंच्या समोर. त्याच्या मागे कुठे जाऊ नये. दुसरी, तो माणूस उकाड्यात, जड पोषाखात दिवसभर उभा असतो. त्याला ढकलू नये, शेपटी ओढू नये. सोंगाला भ्यायचे नाही आणि सोंग घेणाऱ्याला छळायचेही नाही, हे दोन्ही धडे एकाच वेळी देता येतात.

आणि तिसरी सूचना सर्वांत सोपी. आपल्या पंचक्रोशीत बहुरूपी आला, तर मुख्याध्यापकांनी त्याला रीतसर शाळेत बोलवावे. दोन तास द्यावेत. मुलांपुढे तो सोंग चढवील, सोंग करील, आणि मुलांपुढेच ते उतरवील. रंग कसा लावतात, आवाज कसा बदलतात, हे तो दाखवील. मग त्याला मुलांनी प्रश्न विचारावेत, आणि शाळेने त्याला सन्मानाने बिदागी द्यावी. रामनवमीला आमच्याजवळच्या पोहरादेवीला बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. तिथे देशभरातून आलेल्या माणसांचे निरनिराळे पोषाख आमच्या मुलांनी लहानपणापासून पाहिलेले असतात, म्हणून त्यांना त्या पोषाखांचे भय वाटत नाही. ओळख झाली की भय जाते. बहुरूप्याच्या बाबतीत तेवढेच करायचे आहे.

त्या वर्गात बसलेली पोरे दहा-पंधरा वर्षांनी गावची कर्ती माणसे होतील. तेव्हा बाजारात कुणी ओरडेल, "वेष पालटून आलेत रे!" त्या गर्दीत एकाने जरी पुढे होऊन म्हटले, "थांबा, आधी विचारू द्या," तर पाच माणसे संध्याकाळी आपल्या पालावर परत जातील.